घरच्या डाळिंबाची ओटी

काळुराम ठाकुराला डाळिंबावर बोलायला लावू नये, हे आमच्या गावात लहान पोरालाही ठाऊक होतं. रोह्याच्या एसटी स्टँडवर, न्हाव्याच्या सलूनमध्ये, मयताला गेला तर तिरडी बांधून होईपर्यंत, हा माणूस डाळिंबावरच बोलायचा. दाणा म्हणजे रक्ताचा थेंब. रस घेतला की पित्त बसतं, छातीची धडधड थांबते. साल वाळवून उगाळून दिली तर पोराची हगवण बंद. ऐकणाऱ्यानं "मग आण की एखादं" म्हटलं की काळुराम आभाळाकडे बघायचा. कारण झाडं लावून तीन-चार वर्षं झाली तरी त्याच्या बागेतला एक दाणा कुणाच्या तोंडात पडला नव्हता.

मी त्यांची शेजारीण. त्यांच्या आणि आमच्या घरात एक कुडाची भिंत. त्यामुळे ऐकायचं नाही म्हटलं तरी सगळं कानावर यायचं.

हे खूळ डोक्यात शिरलं ते हैबतरावांमुळे. हैबतराव म्हणजे आमच्या भागातले पुढारी, जीप बाळगून असलेले. त्यांनी एकदा चार जणांना जीपमधून सांगोल्याकडे नेलं. तिथल्या डाळिंबाच्या बागा दाखवल्या, बागांच्या मधोमध बांधलेले बंगले दाखवले. काळुरामनं बंगले नीट पाहिले. तिकडे पाऊस पडत नाही आणि इकडे तो थांबत नाही, एवढा एकच काय तो फरक होता, तेवढा मात्र त्याला दिसला नाही. परत आल्यावर त्यानं घरामागचं वरकस रान खणायला घेतलं. त्या टेकाडावर विमलबाई, म्हणजे त्याची बायको, नाचणी आणि वरी काढायची. खाली खाचरात भात, भात निघालं की त्याच ओलीवर वाल. घराला पुरून उरत होतं. पण नाचणीवर स्टँडवर उभं राहून काय बोलणार?

रोपं 'गणेश' जातीची. पेणला गणपती होतात म्हणून ही रोपंही पेणचीच असणार, असं आमच्यातले काही जण समजून चालले. पहिल्याच पावसाळ्यात अर्ध्याहून जास्त झाडांची मुळं कुजली. उरलेल्यांच्या पानांवर काळे ठिपके पडले. दुसऱ्या वर्षी खोडाला भोकं पडून भुसा यायला लागला. ठिबकच्या नळ्या आणल्या, त्यांत विहिरीचा गाळ बसला. राहिल्या त्या उंदरांनी कुरतडल्या. त्यातल्या एका नळीवर विमलबाई लुगडी वाळत घालायची, तेवढाच त्या खर्चाचा उपयोग.

तरी मी सांगतेय त्या साली पाऊस उघडल्यावर टेकाडाच्या चढावरच्या काही झाडांना फुलं आली आणि त्यांतली थोडी टिकली. सुपारीएवढी फळं धरली. झालं. काळुरामचे पाय जमिनीला लागेनात. विमलबाईकडून त्यानं जुन्या धोतराच्या पिशव्या शिवून घेतल्या आणि एकेका फळाला एकेक पिशवी बांधली. लांबून बघितलं तर झाडांना पडशाच टांगल्यात असं वाटायचं.

फळं धरली म्हणजे पाणी हवं. विहीर टेकाडाखाली. विमलबाईचे गुडघे गेलेले. मुलगा प्रविण डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणार आणि येऊन झोपणार. काळुराम स्वतः हंडा उचलणार नाही, पुरुषानं डोक्यावर हंडा घेतला तर गाव काय म्हणेल? मग उरली सून. दिपिका. कोलाडच्या अलीकडच्या गावातली, आदल्या वैशाखात लग्न होऊन आलेली, हसरी आणि अंगानं बारीक. आल्यावर चार महिन्यांत दिवस गेले. पोट दिसायला लागलं तरी डोक्यावरचा हंडा आणि कमरेवरची कळशी सुटली नाही. चढ चढताना ती अर्ध्यात थांबायची, तोंडानं श्वास घ्यायची. वर काळुराम झाडाच्या बुडाशी उकिडवा बसलेला असायचा. "हळू वत गो, माती निघते," एवढंच तो म्हणायचा.

शिमग्याच्या आधी विमलबाईनं तिला रोह्याला दवाखान्यात नेलं. मीही सोबत गेले होते. काळुराम आलाच, कारण दवाखान्यात नवी माणसं भेटतात. बाई डॉक्टरनं दिपिकाची खालची पापणी ओढून बघितली. आतून पांढरीफटक.

"हिच्या अंगात रक्त नाही," बाई म्हणाल्या. "गोळ्या देते. पालेभाजी, गूळ, खजूर, फळं द्या. आणि वजन उचलायचं नाही अजिबात. असंच चाललं तर बाळंतपणात जड जाईल. दोघांनाही."

काळुराम खुर्ची पुढे ओढून बसला. "म्याडम, आमची डाळिंबाची बाग हाय. डाळिंबाचा एकेक दाणा म्हंजे..."

"मग तीच द्या हिला."

"देणार की! ओटीलाच देणार."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाहेर आल्यावर दिपिका मला हळूच म्हणाली, "वयनी, मना खजूर नको, फकस्त झोप पायजे." मला त्या क्षणी काळुरामच्या पेकाटात लाथ घालावीशी वाटली. घातली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

शिमग्याला तर कहरच झाला. होळी पेटली, नारळ पडले, बोंबा झाल्या. हैबतराव आले होते. एकानं त्यांच्यादेखत काळुरामला डिवचलं, "काय रे ठाकुरा, तुझी डाळिंबं काय पिशव्यांतच म्हातारी होणार?" काळुरामच्या कपाळाची शीर उडाली. होळीकडे हात करून तो ओरडला, "आयका! माझ्या सुनेची ओटी मी घरच्या डाळिंबानं भरीन! बाजारची फळं लागतील तर बापाचं नाव लावनार नाय!" हैबतराव म्हणाले, "वा, ठाकूर! ओटीला आम्हालाही बोलवा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. होळीपुढे बोललेला शब्द आमच्याकडे मोडत नाहीत. मूर्ख माणूस नेमका तिथंच तोंड उघडतो.

आमच्याकडे पहिलटकरणीची ओटी सातव्यात भरतात आणि ओटी भरली की आई येऊन तिला माहेरी घेऊन जाते. सातवा चुकला तर आठव्यात ओटी भरत नाहीत आणि पोरीला उंबऱ्याबाहेर धाडतही नाहीत. नववा लागेपर्यंत बसा. हे काळुरामला माहीत नव्हतं असं नाही. पोर माहेरी गेली तर झाडांना पाणी कोण घालणार, हेही त्याला माहीत होतं. म्हणून तर फळं पिकायची घाई त्याला नव्हती, घाई आम्हाला होती.

सातवा लागल्यावर दिपिकाची आई गिरजाबाई कोलाडहून आली. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, खणाची चोळी, टोपलीत केळी, चिकू, पपई, सगळं घेऊन. काळुराम ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. त्यानं टोपलीकडे बघितलं.

"विहीणबाई, ही फळं परत न्या. मी होळीपुढं शब्द दिलाय."

"आवो, तुमच्या झाडाचं एक ठेवा नि बाकीची..."

"एक? लोकं काय म्हनतील? बाग हाय का कुंडी? फळं पिकू द्या. मी सांगावा धाडतो."

"पण पोर कशी झालीया बघा तरी. व्हट पांढरं पडलंत."

"काय नाय व्हत. आमची आई शेतात बाळंत झाली व्हती." हे वाक्य बोलणाऱ्या एकाही पुरुषाला शेतात बाळंत व्हायची वेळ आलेली नाही.

गिरजाबाई टोपली घेऊन परत गेली. जाताना तिनं केळी माझ्याकडे ठेवली, पोरीला चोरून द्या म्हणाली. मुलीच्या सासरी आईला फळं चोरून द्यावी लागतात, अशी ती डाळिंबाची बाग.

त्या आठवड्यात प्रविण आला. विमलबाईनं त्याला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "बाबांना विचार." मग डबल शिफ्ट झाली होती म्हणून झोपला. काळुरामनं निदान बाग तरी लावली होती. ह्यानं तेवढंही केलं नव्हतं.

विहिरीच्या वाटेवर हन्नाबाईचं घर होतं. ती ज्यू. त्यांची पूर्वी इथं बरीच घरं, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हणायचे त्यांना. एकेक करून सगळे इस्रायलला गेले. हन्नाबाईची पोरंही गेली. ती आणि तिचा म्हातारा रूबेन राहिले. तिच्या परसात डाळिंबाचं एक जुनं झाड होतं. त्याला कुणी खत घातलं नाही, पिशव्या बांधल्या नाहीत. भांडी घासलेलं पाणी तेवढं त्याच्या बुडाशी जायचं. फळं लहान, बी टणक, पण आत दाणा लाल. त्यांच्या नव्या वर्षाच्या सणाला लागतं म्हणून ती झाड राखून होती. दिपिका हंडा उतरवून तिच्या परसाच्या दगडी गडग्यावर टेकायची. हन्नाबाई एक डाळिंब फोडून, दाण्यांवर मीठ टाकून तिच्या ओंजळीत द्यायची.

"खा गो. बी पण चाव, थुकू नको."

दिपिका खायची. मीही एकदा खाल्लं, आंबट-गोड, दातांत करकरणारं. आठवडाभर पोरीच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. एक दिवस काळुराम खाली आला आणि त्यानं ते बघितलं.

"टाक ते!" तो ओरडला. "डाळिंबवाल्याची सून दुसऱ्याच्या दारात डाळिंब खाते? माझी अब्रू काढतेस?"

"मामा, मी मागितलं नाय, हन्नाबायनं..."

"टाक म्हंतो ना!"

तिनं ओंजळ उघडली. दाणे मातीत पडले. हन्नाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "काळुराम, पोटुशीच्या हातातलं कोण काढून घेतं का?"

"त्या झाडाची जात जंगली हाय, त्यात काय सत्त्व नाय," काळुराम म्हणाला. हे शास्त्र त्याला कुणी शिकवलं देव जाणे. दिपिकानं हंडा उचलला आणि ती चढायला लागली. त्या दिवसापासून ती गडग्यावर टेकायचीही बंद झाली.

सातवा संपायला आला. ऊन टेकाडावर तापलेल्या तव्यासारखं उतरायचं. त्या दिवशी मी कुंपणाशी शेणी थापत होते, विमलबाई ओसरीवर वाल सोलत होती. वर दिपिका चढत होती. एकाएकी ती थांबली. मागं झाली. खाली बसली की पडली ते कळलं नाही, पण कळशी तिच्या कमरेवरून सुटली आणि हंडा डोक्यावरून आदळून घरंगळत गेला. वाटेतल्या झाडावर आपटला. एक फांदी मोडली, पिशव्यांसकट.

काळुराम वरून धावत आला. मला वाटलं, पोरीला उचलेल. तो तिला ओलांडून गेला आणि फांदीपाशी बसला. मोडलेली फांदी दोन्ही हातांत धरून ती परत जुळते का बघायला लागला. पिशव्या चाचपून आतली फळं शाबूत आहेत का बघू लागला.

मी कुंपण ओलांडून धावले. विमलबाई कधी माझ्या पुढे गेली मला कळलं नाही. ज्या बाईला ओसरीची पायरी चढताना भिंत धरावी लागायची ती चढ चढून गेली. दिपिका डोळे मिटून बसली होती, तोंडावर घाम, हात पोटावर. "हलतंय, आई," ती म्हणाली. "आत हलतंय."

"फांदी गेली," काळुराम मागून म्हणाला. "सगळ्यात भरलेली फांदी व्हती."

विमलबाईनं त्याच्याकडे बघितलं. आम्ही दोघींनी पोरीला धरून खाली आणलं.

दुसऱ्या दिवशी काळुराम सकाळीच रोह्याला गेला. फांदी जोडायचं कसलं तरी मलम आणायचं होतं आणि हैबतरावांना बाग दाखवायला आणायचं होतं. तो वळणाआड जाताच विमलबाई विळा घेऊन टेकाडावर गेली. तिनं एकही झाड सोडलं नाही. पिशवी फाडायची, देठ कापायचा, फळ टोपलीत. टोपली भरली तेव्हा मी तिला हात दिला. फळं हिरवट पिवळी, कुठं कुठं तांबूस डाग. कच्ची.

"वयनी, कोलाडला सांगावा धाडलाय," ती म्हणाली. "तुमी चार बायका बोलवा. आज भरायची."

"आणि हा आला तर?"

"येऊ दे. आलाच पायजे."

दुपारपर्यंत गिरजाबाई पोचली. पाटावर दिपिकाला बसवलं. हिरवं लुगडं, हिरवा चुडा. बऱ्याच दिवसांनी तिनं वेणीत अबोली घातली होती. आम्ही पाच जणी होतो आणि हन्नाबाई दाराशी उभी. विमलबाईनं तिला आत बोलावलं. "हन्नाबाय, तुमीबी भरा. तुमचंच खाल्लंय पोरीनं." हन्नाबाई पदराआडून एक डाळिंब काढून आत आली. पिकलेलं, लालभडक.

विमलबाईनं तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला. मग टोपलीतली डाळिंबं पदरात सोडायला लागली. पाच झाली. आम्हाला वाटलं थांबेल. ती थांबलीच नाही. पदर जड झाला, गिरजाबाईनं खालून हात लावला, तरी विमलबाई घालतच राहिली. सगळी बाग तिनं सुनेच्या ओटीत ओतली. शेवटी हन्नाबाईनं आपलं लाल फळ वर ठेवलं.

एवढ्यात अंगणात जीप थांबली. हैबतराव उतरले, मागून काळुराम, हातात मलमाचा डबा. दारात येऊन तो उभाच राहिला.

ओटीत पडलेलं परत मागत नाहीत. पोटुशी बाईच्या ओटीतलं तर मरतानासुद्धा कुणी मागणार नाही. काळुरामला हे कळत होतं. त्यानं मलमाचा डबा पाठीमागे लपवला. आमच्यातली एक तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग सगळ्याच.

हैबतराव कौतुकानं म्हणाले, "वा! शब्द पाळलात ठाकूर. घरच्या डाळिंबानं ओटी भरलीत."

आणि त्या माणसानं, तुम्हाला खोटं वाटेल, छाती पुढे काढली. "तर! मी बोललो व्हतो ना साहेब! बघा, रंग बघा," असं म्हणत त्यानं बोट दाखवलं ते नेमकं वरच्या लाल फळाकडे. "असा रंग सांगोल्याला पण येत नाय."

"ते माझ्या परसातलं हाय, काळुराम," हन्नाबाई म्हणाली. "खालची तुझी."

हैबतरावांनी खालची बघितली. हिरवी, पिवळी, डागाळलेली. चहाही न घेता पेणला मीटिंग आहे म्हणाले आणि जीप वळवली.

काळुराम गिरजाबाईकडे वळला. आवाज एकदम मऊ. "विहीणबाई, ओटी झाली, चांगलं झालं. पोरीला चार दिस राहू द्या. मोडलेली फांदी..."

"सातवा चार दिसांनी सरतोय," गिरजाबाई म्हणाली. "चल दिपिका."

दिपिकानं पाया पडायला वाकण्याआधीच विमलबाईनं तिला धरून सरळ केलं. "वाकू नको. जा. बाळंत व्हईपर्यंत इकडं येऊ नको. बोलवलं तरी येऊ नको."

तिला टेम्पोत बसवलं. सगळी डाळिंबं गोणपाटात बांधून पायाशी ठेवली. टेम्पो निघाला तेव्हा ती रडत नव्हती, पाय लांब करून बसली होती. दोन-तीन महिन्यांत तिला पाय लांब करून बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

संध्याकाळी कुडापलीकडे भांड्यांचा आवाज झाला. विमलबाईनं भाकरी वाढली असावी. काळुराम म्हणाला, "उद्या पाणी कोन घालनार?"

"मना म्हाईत नाय."

"झाडं मरतील."

मग विमलबाई बोलली. इतक्या वर्षांत तिचा आवाज मी तसा ऐकला नव्हता, मोठा नव्हता, नुसता सरळ होता.

"काल पोर पडली. पोटातलं पोर घेऊन पडली. तुमी तिला वलांडून फांदी उचलायला गेलात. लगीन करून आले तवापासून तुमचं सगळं आयकलं. तुमी बढाया मारल्यात, आयकल्या. नाचणीचं रान खनलंत, बोलले नाय. पन काल मना तुमची किळस आली. ती आता जायची नाय. तुमी जेवा. मी भाईर बसते."

मी कान देऊन बसले होते. मला वाटलं, आता तो उठेल, मारेल, रडेल, काहीतरी करेल. भाकरी मोडल्याचा आवाज आला. चावल्याचा आला.

"अजून पंधरा दिस थांबली असतीस," काळुराम म्हणाला, "तर रंग आला असता."